हातची पेन्सिल

दक्षिण कलकत्त्यात बालीगंज वस्तीच्या नावाने ओळखले जाणारे एक सरकारी हायस्कूल आहे. 1936 साली ह्या शाळेतून मॅट्रिक झालेल्या मुलांपैकी एकाचे नाव पुढे साऱ्या जगाला ठाऊक झाले. तो मुलगा म्हणजे सत्यजित राय. वडील वारले तेव्हा तो अडीच वर्षांचाही नव्हता. उत्तर कलकत्त्यातील गडपार रोडवरचे शंभर क्रमांकाचे घर, त्या घरातला छापखाना, आजोबांनी उभारलेला ठसे तयार करण्याचा व्यवसाय, सारे काही वर्षांतच हातचे गेले आणि आई मुलाला घेऊन भवानीपूरला आपल्या भावाच्या आश्रयाला आली. विधवांच्या एका संस्थेत ती शिवणकाम शिकवू लागली. मुलाच्या वाट्याला वारसा म्हणून काय आले असेल, तर थोडीशी पुस्तके आणि एका मासिकाचे जुने अंक. पण त्या पुस्तकांत एक अख्खे राज्य होते. बंगाली घरातील मूल अजूनही वाचता येऊ लागताच प्रथम त्या राज्याची सफर करून येते.

त्या राज्याचा कर्ता सुकुमार राय. जन्म 30 ऑक्टोबर 1887. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदार्थविज्ञान व रसायन ह्या दोन्ही विषयांत ऑनर्स घेऊन 1906 साली ते पदवीधर झाले आणि 1911 साली शिष्यवृत्ती मिळवून मुद्रणशास्त्राच्या शिक्षणासाठी विलायतेला गेले. त्यांचे वडील उपेंद्रकिशोर राय चौधरी हे मुद्रणातील मोठे जाणकार व मुलांचे आवडते लेखक. त्यांनी 1913 साली मुलांसाठी एक मासिक काढले व त्याला 'संदेश' हे नाव दिले. मराठी माणसाला ह्या नावात निरोप तेवढा ऐकू येतो. बंगाली मुलाच्या तोंडाला मात्र त्याच शब्दाने पाणी सुटते, कारण छेन्याच्या मिठाईलाही तिकडे संदेशच म्हणतात. श्लेष असा मुखपृष्ठापासूनच सुरू झाला. घराण्याची रीतच ती. सुकुमारांनी पुढे मित्रमंडळींचा 'मंडे क्लब' स्थापन केला. दर सोमवारच्या बैठकीत वाङ्मयाइतकाच भर खाण्यावरही असल्यामुळे त्याचे नाव पडले 'मंडा क्लब', आणि मंडा ही पुन्हा एक मिठाईच! भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी व संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस हे त्या क्लबाचे सभासद होते. ज्या महालनोबिसांनी पुढे देशाच्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे आकडे मांडले, ते तरुणपणी अशा संगतीत बसत असत, ही गोष्ट नियोजन खात्याच्या इतिहासात सहसा नमूद झालेली आढळत नाही.

सुकुमारांची जादूची नगरी सर्वांत सलगपणे दिसते ती 'हयवरल' ह्या छोट्या कादंबरीत. ती 1922 साली 'संदेश'मधून क्रमशः आली. नाव ऐकताच आपल्याकडील शास्त्रीबोवा सावरून बसतील, कारण ही अक्षरे माहेश्वर सूत्रांतली, पाणिनीच्या व्याकरणाच्या उंबरठ्यावरची. पण बंगालीत 'हजबरल' म्हणजे सावळागोंधळ. जे व्याकरणाचे आद्याक्षर, तेच लोकांच्या तोंडी अव्यवस्थेचे नाव होऊन बसले. ह्या एका शब्दात सबंध पुस्तकाची किल्ली आहे.

कथानक सांगावे तर काहीच नाही. रणरणत्या उन्हाळ्यात एक मुलगा झाडाखाली पडला आहे. घाम पुसावा म्हणून तो रुमालाकडे हात नेतो, तो रुमाल मिशा फेंदारून म्याव करतो! मुलाला नवल वाटते. मांजराला वाटत नाही. अंड्याचे बदक होते तेव्हा कोणी नवल करते काय, असा त्याचा सवाल. स्वतःची नावे तो अनेक सांगतो. रुमाल म्हणा, मांजर म्हणा, हवे तर चंद्रबिंदू म्हणा. ते कसे? चंद्रबिंदूचा च, मांजराचा तालव्य श, रुमालाचा म, झाला चश्मा! मांजर ह्या शब्दात श कुठे आहे, हे विचारण्याचे धैर्य मुलाला होत नाही. मोठ्या माणसांच्या व्युत्पत्तीपुढे मुलांची हीच अवस्था असते.

पुढे भेटतो काकेश्वर नावाचा कावळा. धंद्याने हिशेबनीस. सात दुणे किती, असे तो विचारतो. मुलगा चौदा म्हणतो. कावळ्याला ते मान्य नाही. क्षणापूर्वी चौदा पुरते भरले नव्हते, तेरा रुपये चौदा आणे आणि वर काही पै एवढेच झाले होते, आणि क्षण उलटला की ते चौदाच्याही पुढे जाईल. उत्तर बरोबर असून भागत नाही, ते नेमक्या वेळी दिले पाहिजे. सरकारी कचेऱ्यांतून हिशेब घालणाऱ्यांना हे तत्त्वज्ञान अगदीच परके वाटणार नाही. मग पाटीवर चौदाचे चार मांडून कावळा जाहीर करतो की, हाती उरली ती पेन्सिल. बंगालीत ही म्हणच होऊन बसली आहे. सारा उद्योग आटोपल्यावर पदरी काही पडले नाही, की बंगाली माणूस हातातल्या पेन्सिलीची आठवण काढतो.

येथे मराठी वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. श्लेषावर जगणारे असे वाङ्मय दुसऱ्या भाषेत नेता येते काय? सर्वसाधारण उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण प्रत्येक ठिकाणी थांबून पाहावे, तर निकाल वेगवेगळे लागतात. हिशेबाच्या प्रसंगात मराठीला काडीचीही अडचण नाही. 'चौदाचे चार, हातचा एक' असे म्हणतच आपली पिढ्यान्‌पिढ्या पोरे बेरजा शिकली. 'हातची पेन्सिल' हा विनोद जणू आपल्याच शाळेत जन्मला असावा. रुमालाचे मात्र तसे नाही. बंगालीत रुमाल आणि बेडाल यांचे यमक जुळते व त्या यमकाच्या बळावरच एकाचे दुसरे होते. मराठीत रुमालाचे मांजर करणे म्हणजे निव्वळ जादू, तिला भाषेचा आधार नाही. चतुर भाषांतरकार कदाचित रुमालाचा बोळा करील आणि बोळ्याचा बोका!

बोकडापाशी मात्र हात टेकावे लागतात. व्याकरण सिंग, बी. ए., खाद्यविशारद असे त्याचे भारदस्त नाव. बंगाली उच्चारात व्याकरणाचे 'ब्याकरण' होते. बोकड 'ब्या' करतो, म्हणून तो ब्याकरण. शिंगे आहेत म्हणून शिंग. पदवीचा उच्चारही पुन्हा ब्याच्याच जवळचा. एवढे तीन पदर एका नावात गुंफलेले आहेत. मराठी बोकड बें बें करतो आणि त्याला कोणतेही विद्यापीठ पदवी देत नाही. तेथे भाषांतरकाराने नमस्कार करून पुढे जावे.

पण पुढे न्यायालय आहे, आणि तेथे मराठीला अनपेक्षित लाभ होतो. खटला अब्रुनुकसानीचा, म्हणजे मानहानीचा. न्यायासनावर घुबड, वकिली करावयास मगर. मान म्हणजे काय, ह्याची फोड करताना मगर थेट भाजीत शिरते, कारण बंगालीत मानकचू नावाचा एक मोठा अळू असतो. मराठीत अळू साधणार नाही. परंतु आपल्याकडे 'मान' म्हणजे सन्मान आणि 'मान' म्हणजे गळ्याच्या मागचा अवयव. मानहानीच्या खटल्यात मगरीने फिर्यादीची मान तपासून ती जागच्या जागी असल्याचे निवेदन करावे, हे किती सहज जमते! त्यात ह्या न्यायालयाची शिक्षा आहे तीन महिने तुरुंग आणि सात दिवस फाशी. आरोपीच्या मानेचा प्रश्न मराठीत अधिकच गंभीर होतो. मूळ लेखकाला न सुचलेली कोटी भाषाच भाषांतरकाराच्या हाती देते, ती अशी.

'आबोल ताबोल' ह्या काव्यसंग्रहातील जोडप्राण्यांचेही तसेच. बक आणि कच्छप मिळून 'बकच्छप' होतो, त्याला मराठीत हातही लावावा लागत नाही. हत्ती आणि तिमी, म्हणजे देवमासा, यांचा बंगालीत 'हातिमी' झाला. मराठीत हत्ती आणि तिमिंगल यांची गाठ घालून 'हत्तिमिंगल' असा याहूनही घसघशीत प्राणी तयार होतो. त्याच संग्रहातल्या एका कवितेचे शीर्षक आहे 'शब्दकल्पद्रुम'. हे नाव मुळात राधाकांत देव यांच्या एकोणिसाव्या शतकातील प्रचंड संस्कृत कोशाचे. सुकुमारांनी त्यातला 'द्रुम' हा नगाऱ्यासारखा वाजवला. फूल 'फुटते' ते फटाक्यासारखे. चंद्र बुडतो तो गटांगळी खात. रात्र कापली जाते ती लाकडासारखी खचाखच. आपणही म्हणतोच की पालवी फुटली, हसू फुटले, घाम फुटला, झोप मोडली. रोज बोलतो आणि कोणताही आवाज ऐकत नाही.

शब्द खरा मानला की त्याची वस्तू होते, ही युक्ती जगात अन्यत्रही आढळते. अमेरिकेत पिअर्स अँथनी यांनी 1977 पासून झँथ नावाच्या जादूच्या देशावर कादंबऱ्यांची एक मालिकाच लिहिली. त्या देशाचा नकाशा फ्लोरिडासारखा, आणि तेथील झाडेझुडपे, प्राणी हे बहुधा इंग्रजी शब्दांवरील कोट्यांतून उगवलेले. मालिकेत चाळीसहून अधिक पुस्तके झाली. लुइस कॅरलची अ‍ॅलिस तर 1865 सालची, आणि तिचे ऋण सुकुमारांवर उघड आहे. पण एक फरक सांगितला पाहिजे. अँथनींच्या देशात कोटी हे चलनी नाणे आहे. ते कितीही पाडता येते, आणि फार पाडल्यावर त्याची किंमत उतरते. सुकुमारांची कोटी काटकसरीची आहे, आणि तिच्यामागे बहुधा कोणीतरी ओळखीचा माणूस उभा असतो. त्यांच्या 'एकविसाव्या कायद्या'त पाय घसरून पडणाऱ्याला शिपाई पकडतो, संध्याकाळी सहाच्या आत शिंकावयाचे तर तिकीट काढावे लागते आणि कविता करणाराला पिंजऱ्यात घालतात. कविता मुलांसाठी होती. राज्य इंग्रजांचे होते.

मराठीत ह्या काळी कोटीचा बादशहा कोण, हे सांगावयास नकोच. राम गणेश गडकरी 1885 सालचे, सुकुमारांहून दोन वर्षांनी वडील. 1919 साली, चौतिशी पुरी होण्यापूर्वीच ते गेले. दोघांनाही शब्दाचा नाद होता, दोघांनाही आयुष्य तोकडे मिळाले. गडकऱ्यांचा श्लेष मात्र रंगभूमीवरचा, प्रौढ प्रेक्षकांच्या टाळीकडे पाहणारा. निव्वळ मुलांसाठी असे उलटेसुलटे जग मराठीत यावयास बराच काळ लागला. विंदा करंदीकरांचा 'एटू लोकांचा देश' 1963 साली आला, तेव्हा कोठे ती वाट रुळली.

'हयवरल'मध्ये उधो नावाचा एक म्हातारा आहे. त्याच्या मुलखात वयाची व्यवस्था फार सोयीची आहे. चाळीस पूर्ण झाली की वय उलटे फिरवावयाचे, मग एकोणचाळीस, अडतीस असे ते उतरत जाते. दहापर्यंत आले की पुन्हा वाढू द्यावयाचे. म्हातारे होऊन मरण्याची भानगडच नको. हे लिहिणारा माणूस त्या वेळी काळा आजाराने अंथरुणाला खिळलेला होता. त्याच कलकत्त्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी त्या रोगावरील युरिया स्टिबामाइन हे औषध शोधून काढले होते. पण त्याचा प्रसार अजून व्हावयाचा होता. अखेरच्या दिवसांत रवींद्रनाथ भेटीस आले आणि त्यांनी बिछान्याशेजारी बसून गाणी म्हटली. अंथरुणातूनच सुकुमारांनी 'आबोल ताबोल'ची पाने सजवली, चित्रे लावली. 10 सप्टेंबर 1923 रोजी ते निवर्तले. वय 35. पुस्तक 19 सप्टेंबरला छापून बाहेर पडले. मध्ये नऊ दिवसांचे अंतर होते. उधोच्या मुलखात ज्या वळणावर वय फिरवतात, त्या वळणापर्यंतही ते पोहोचले नाहीत.

मुलाच्या स्मरणात वडिलांचे एकच चित्र उरले, ते त्याने 1982 सालच्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात नोंदले आहे. गंगाकाठी सोदपूर येथे हवापालटासाठी राहिले असताना वडील खिडकीशी चित्र काढीत बसले होते, आणि नदीतून बोट चालल्याचे त्यांनी मुलाला हाक मारून दाखवले. त्याहून अधिक काही आठवत नाही. बाकीचे वडील त्याला छापील पानांतूनच भेटले.

म्हणूनच की काय, 1961 साली कवी सुभाष मुखोपाध्याय यांना सोबतीला घेऊन त्याने बंद पडलेला 'संदेश' पुन्हा सुरू केला. पुढे लीला मजुमदार व नलिनी दास ह्या घराण्यातल्याच दोघी जणी संपादनात आल्या, आणि बालीगंजच्या कडेने जाणाऱ्या राशबिहारी अ‍ॅव्हेन्यूवरील नलिनीबाईंच्या राहत्या घरातून मासिकाचा कारभार चालू लागला. लिहिणारी मंडळी जिने चढून येत. प्रोफेसर शंकूच्या विलक्षण सफरी प्रथम ह्याच मासिकात आल्या, आणि त्यांच्या मुळाशी सुकुमारांच्या हेशोराम हुशियारची डायरी आहे, हे जाणकारांच्या लगेच ध्यानात येते. त्या डायरीत बेचाराथेरियम आणि चिल्लानोसोरस असे प्राणी भेटतात, आणि लॅटिन न शिकलेल्या मुलालाही त्यांचा स्वभाव नावावरूनच कळतो.

1970 साली सत्यजितांनी वडिलांच्या काही कविता इंग्रजीत नेल्या. 1987 साली, सुकुमारांच्या जन्मशताब्दीला, त्यांनी वडिलांवर एक लहानसा अनुबोधपट केला. निवेदन सौमित्र चटर्जी यांचे. छायाचित्रे, वह्या, चित्रे आणि त्या उलट्या जगातील काही प्रसंग त्यात आहेत. त्या वेळी मुलाचे वय होते 66. पडद्यावरचे वडील पस्तिशीतच होते.