देव्हाऱ्यातली सवत

(जळगाव इथल्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

‘लहानपणच्या आठवणी आणि पुढची पिढी’ असा विषय मला दिला, तेव्हा वाटलं, हे तर सोपं काम. खानदेशातल्या बाईला आखाजीबद्दल बोलायला सांगा, ती तासभर बोलेल. निंबाच्या झाडाला बांधलेला झोका, गौराई, पुरणपोळी आणि आमरस, माहेरपणाला आलेल्या आत्या. भाचरांना मीही हेच सांगत आले. पण आखाजीलाच घरात पितरांची घागर भरतात. ती भरताना कुणाची नावं घेतली जातात आणि कुणाची नाही, याचा विचार मी फार उशिरा केला.

समाजकार्याचं शिक्षण घेताना आम्हाला स्वतःच्या घराचा वंशवृक्ष काढायला सांगितला होता. वडिलांनी बसल्या बैठकीला पुरुषांच्या पाच पिढ्या सांगितल्या. बायकांचं काय, असं विचारलं तर आजीचं नाव आलं, पणजीच्या जागी ‘सोनगीरकडची होती’ एवढंच आलं, आणि त्यावर काहीच नाही. यात एकट्या वडिलांचा दोष नाही. लग्नात नाव बदलायचं, शेत पुरुषांच्या नावावर, आणि जातीचा दाखला काढायचा म्हटला की धावपळ होते ती आजोबा-पणजोबांच्या कागदांची. मग तेवढाच धागा घरात जपला जातो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आपल्या राज्यात आईचं नाव लावणं बंधनकारक झालं, ते चांगलंच झालं. पण कागदावर नाव आलं म्हणून तिची हकिकत येत नाही.

वंशवृक्षाचा तो अर्धा रिकामा कागद घेऊन मी आजीकडे गेले. ती ओसरीवर ज्वारी निवडत होती. मला एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या देव्हाऱ्यात खंडोबा-भवानीच्या ओळीत एक छोटा चांदीचा टाक होता, त्यावर बाईची आकृती. ही कोणती देवी, असं लहानपणी विचारलं तेव्हा आजी म्हणाली होती, “तुले काय करनं शे?” तेच मी परत विचारलं. घरात कुणी नाही हे बघून आजी म्हणाली, ती देवी नाही, माझी सवत आहे.

आजोबांची पहिली बायको. आजीचं लग्न व्हायच्या आधी वर्षभर ती विहिरीत गेली. गावाला सांगितलं, पाय घसरला. अंगावर मारल्याचे वळ होते, हे शेजारच्या बाईने आजीला पहिल्या महिन्यातच कानात सांगितलं. ज्या विहिरीत ती गेली, तिचंच पाणी आजीने पुढे कित्येक वर्षं शेंदलं. सणावाराला त्या टाकाला हळदकुंकू वाहिलं. आधीची कोपू नये म्हणून.

आजीला सन-साल माहीत नाही. म्हणून मी विचारलं, बहात्तरच्या दुष्काळात तू खडी फोडायला जात होतीस, तेव्हा बाबा कितवीत होते? चौथीत. असं मागे मागे जात हिशेब लागला. आजीचं लग्न १९६० च्या आसपास, वय तेरा-चौदा. मुलीच्या लग्नाचं वय तेव्हा कायद्याने पंधरा होतं. आधीचीही काही फार मोठी नसणार.

तिला कुणी मारलं, सासूने की आजोबांनी? हे मी दोनदा विचारलं. आजी ज्वारीतले खडे वेचत राहिली. मैत्रिणींनो, आठवडे बाजारातून माझ्यासाठी न चुकता शेव-मुरमुरे आणणारे हे माझे आजोबा. तो प्रश्न माझ्या मनात अजून तसाच आहे.

आपल्या भागाने आठवणी सांगणारी मोठी माणसं पाहिली आहेत. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. लहानपण पुढच्या पिढीला सांगावं कसं, याचा तो आपल्याकडचा वस्तुपाठच आहे. पण त्यातली आई आपल्याला मुलाच्या नजरेतून दिसते. आसोद्याच्या बहिणाबाईंचं तसं नाही, तिथे बाईचे स्वतःचे शब्द आहेत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या म्हणायच्या, आणि मुलगा सोपानदेव व त्यांच्या मावसभावाने ते उतरवून ठेवलं. १९५१ मध्ये त्या गेल्या, पुस्तक १९५२ मध्ये निघालं. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. जवळ बसून लिहिणारं कुणी घरात नसतं, तर यातलं काय उरलं असतं? आमच्या घरात शेजारच्या त्या बाईच्या कुजबुजीपलीकडे काही उरलं नव्हतं.

आता माझी अडचण सांगते. माझी भाची यंदा अठराची झाली. स्थळं येऊ लागली आहेत. मी तिला ही हकिकत सांगितली. दादा माझ्यावर भयंकर चिडला. म्हणाला, “आत्या आहेस, लाड कर. गेलेल्या माणसाची अब्रू कशाला काढतेस? पोरीच्या मनात पणजोबांचं काय राहील?” त्याचं म्हणणं अगदीच फालतू आहे असं मी म्हणणार नाही. शेव-मुरमुरेही खरेच होते, तेही मी तिला सांगितलं. पण लग्नाच्या उंबरठ्यावरच्या मुलीला फक्त झोका आणि आमरस सांगायचा आणि विहीर गाळायची, हे मला जमेना. उद्या तिच्यावर हात उठला तर ‘आपल्या घराण्यात असं कधी झालं नाही’ असं तिला कुणी सांगू नये.

भाची सगळं ऐकून थेट आजीकडे गेली आणि विचारलं, तिचं नाव काय होतं? एवढी शिकलेली मी, पण मला हे सुचलं नव्हतं! आणि आजीला नाव माहीत होतं. पासष्ट वर्षांत कुणी विचारलंच नाही, म्हणाली.

ते नाव मी इथे सांगत नाही. तिच्या भावाची नातवंडं शेजारच्या तालुक्यात राहतात. त्यांना न विचारता माईकवरून ते घेण्याचा मला हक्क नाही. आखाजीच्या आधी भाची आणि मी त्यांच्याकडे जाणार आहोत. ते बोलतील की दार लावतील, बघू.

तुम्हीही हे काम करणार असाल तर एक सांगते. फोनवर आवाज भरायचा असेल तर आधी विचारा, आणि ती ‘बंद कर’ म्हणाली की बंद करा. सुनांसमोर, मुलांसमोर विचारू नका. निवडणं-टिपणं चाललेलं असताना जाऊन बसा, हात चालू असले की बाया बोलतात. रडली तर लिहिणं थांबवा. घाई कसली आहे?

दुपारच्या सत्रात कोरे कागद वाटणार आहोत. वंशवृक्ष या वेळी आईकडून सुरू करायचा. जिचं नाव माहीत नसेल तिथे ‘अमक्याची बायको’ असं लिहू नका, जागा मोकळी सोडा. घरी गेल्यावर विचारता येईल.