दिवाळीनंतरचा रिकामा बाक

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'चाळिशीनंतरचं आरोग्य'. साखर, बीपी, रोज चालणं, हे सगळं आपल्या ग्रुपवर पहाटे सहाला येतंच. पाठवणाऱ्यांची पोटं समोर दिसत आहेतच. म्हणून मी आज दुसरंच बोलणार आहे.

मुलींच्या रांगेतला तिसरा बाक आठवतो का? दिवाळीची सुट्टी संपली की तो रिकामा व्हायचा. हजेरी घेताना बाई त्या तीन नावांपाशी जरा थांबायच्या आणि पुढे जायच्या. आपल्या बीड जिल्ह्यात हे कुणाला समजावून सांगायला नको. आईबाप ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि धाकटी भावंडं सांभाळायला पोरी बरोबर. पाडव्याच्या सुमारास परत यायच्या, हातावर पाचटाचे चरे घेऊन. दोघींची शाळा सातवीत सुटली. तिसरी नववीपर्यंत टिकली. गणितात ती माझ्या पुढे होती. सर, तुम्हीच तिची वही मला दाखवायचात.

दहा वर्षांपूर्वी ती माझ्यासमोर येऊन बसली. मी तेव्हा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होते. दोघी चौतिशीच्या, पण बाहेरच्या सिस्टरना ती माझी मावशी वाटली. अंगावरून पांढरं जायचं, कंबर धरायची, हिमोग्लोबिन साडेसात. म्हणाली, "पिशवी काढून टाक."

मी तपासलं. जंतुसंसर्ग होता, रक्त कमी होतं. गर्भाशयात काही दोष नव्हता. गोळ्या दिल्या आणि समजावलं: भरपूर पाणी पी, स्वच्छता ठेव, पाळीत ओझं उचलू नकोस. आपण चांगलं समजावलं असं मला वाटलंही.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग मला हिशेब सांगितला. नवरा-बायको मिळून एक कोयता. तिनं दोन दिवस दांडी मारली तर खाडा दोघांच्या नावावर, दिवसाला पाचशे. पाच-सहा महिन्यांत किती झाले ते तूच मांड. फडात आडोसा नाही, आजूबाजूला गडीमाणसं; पाणी पिलं की जावं लागतं, म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. पहाटे उठून भाकरी, मग तोडणी, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. कोपीवर परतल्यावर धुवायला पाणी घागरभर. "आपरेशनला मुकादम उचल देतो, ती एका हंगामात फिटती. पाळी अजून पंधरा वर्षं हाय. आता तू सांग."

मी नाही म्हटलं. महिन्याभरात तिनं एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन करून घेतलं. तिथे तिला कॅन्सरची भीतीही घातली होती. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली. दोन महिन्यांनी ती पुन्हा मोळी उचलत होती.

अंडाशयं गेली की हाडांना मिळणारं संरक्षण जातं. आज चव्वेचाळिशीत तिचे गुडघे आणि कंबर साठीच्या बाईचे आहेत. तोडणी कमी होते, म्हणून उचल फिटत नाही, म्हणून पुढच्या वर्षी परत जावं लागतं. आता सूनही कोयत्यावर आहे.

२०१९ साली हे वर्तमानपत्रांत गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. तेव्हापासून खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. चांगलंच झालं. पण तिची सून ज्या फडात जाते, तिथे आडोसा अजून नाही, आणि खाडा अजून आहे.

इतकी वर्षं मी मनात तिला अडाणी म्हणत होते. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की रोग्याला नीट माहिती दिली की तो शहाणा निर्णय घेतो. तिला माहिती माझ्यापेक्षा जास्त होती. पाणी पी म्हणून सांगताना ते प्यायल्यावर ती जाणार कुठे, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. हल्ली मी औषध लिहिण्याआधी ते विचारते: किती तास उभी असतेस, मोरी कुठे आहे, उचल किती बाकी आहे. रांगेतल्या बायका वैतागतात, वेळ लागतो म्हणून. लागू दे.

आणखी एक. ती आज इथे नाही. तारीख आपण डिसेंबरात ठरवली, कारण पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या मंडळींना तेव्हा रजा मिळते. तारखेला पहिली 'हो' म्हणणारी मीच होते. त्या बाकावरच्या तिघी आणि आपल्या वर्गातले दोन मुकादम या वेळी कारखान्यांवर आहेत. ग्रुपवर तर पाचांपैकी एकही नाही.

पुढचा मेळावा कारखाने बंद झाल्यावर, मे महिन्यात ठेवूया. ऊन असेल, व्हरांड्यात पंखे लावू. तिला मी काल फोन करून सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "शाळंमागची चिंच हाय का अजून?" आहे म्हणून कळवलंय.