आधी बघा, मग काढा

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "जंगलातले फोटो दाखव आणि दहा मिनिटं बोल." फोटो मागे पडद्यावर चालू आहेत. मी मात्र न काढलेल्या एका फोटोबद्दल बोलणार आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, दिवसभर स्क्रीनसमोर. चाळिशीनंतर कॅमेऱ्याचं वेड लागलं आणि दोन वर्षांपूर्वी मी बोर्नियो बेटावर, मलेशियाच्या सबाह राज्यात गेले. सांदाकानहून सुकाव गावाला गाडीने जाताना मला वाटलं होतं, दोन्ही बाजूंना घनदाट जंगल असेल. प्रत्यक्षात मैलोन् मैल पाम तेलाच्या झाडांच्या रांगा लागल्या.

जंगल दिसलं ते किनाबातांगन नदीवर. ५६० किलोमीटरची ही सबाहमधली सर्वांत लांब नदी. तिच्या काठी उरलेल्या जंगलाच्या तुकड्यांना २००५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. पहाटे सहाला आणि दुपारी चारला बोट निघायची. धनेश पक्ष्यांच्या आठ जाती तिथे आहेत. लांब नाकाची प्रोबोसिस माकडं तर बोर्नियोखेरीज जगात कुठेच नाहीत. पहिल्या दिवशी मी खूश होऊन गाइडला म्हटलं, "किती सहज दिसतात प्राणी!" तो म्हणाला, "मागे लागवड, पुढे नदी. जाणार कुठे?" माझा आनंद जरा उतरलाच.

तिसऱ्या दिवशी दुपारी उंबराच्या कुळातल्या एका फळलेल्या झाडावर ओरांगउटानची मादी दिसली, पोटाला पिल्लू बिलगलेलं. पानांआड उजेड कमी, म्हणून मी आयएसओ वाढवला आणि गाइडला म्हटलं, "अजून जवळ घ्या." बोट थोडी सरकली. मादीने एक फांदी मोडून खाली टाकली आणि ओठांनी चुंबनासारखा आवाज काढला. मला वाटलं, काय पोज दिलीय! तेवढ्यात गाइडने बोट मागे घेतली.

मी चिडले. "एवढे पैसे भरून आलेय, पाच मिनिटं थांबा," म्हटलं. लाज वाटते सांगायला, पण वर जास्तीचे पैसेही देऊ केले. तो आवाज न चढवता म्हणाला, "मॅडम, ती तुम्हाला 'जा' म्हणतेय."

मग त्याने समजावलं. फांद्या मोडणं आणि तो आवाज, दोन्ही त्रासलेल्या ओरांगउटानच्या खुणा. मादीच्या दोन बाळंतपणांत साधारण सहा ते आठ वर्षं जातात, म्हणून एकेक पिल्लू मोलाचं. फळलेलं झाडही रोज मिळत नाही. आपल्यामुळे तिने ते सोडलं, तर उपाशी ती राहणार. शिवाय आपल्यामागून आणखी बोटी येतातच.

बोट समोरच्या काठाला लावून आम्ही गप्प बसलो. कॅमेरा पिशवीत टाकून मी दुर्बीण घेतली. थोड्या वेळाने ती पुन्हा खायला लागली. अंधार पडायच्या आधी शेजारच्या झाडावर तिने फांद्या वाकवून, पानं दाबून रात्रीचं घरटं केलं. फोटोच्या नादात मला हे दिसलंच नसतं.

तेव्हा विज्ञानाच्या बाईंची आठवण झाली. बाई, तुम्ही वर्गात जास्वंद आणायचात आणि आमच्या पेन्सिली लगेच चालू व्हायच्या. तुम्ही म्हणायचात, "आधी बघा, मग काढा." मी फुलाकडे न बघता पुस्तकातली आकृतीच उतरवायचे. तुम्हाला ते कळत होतं, हेही मला माहीत होतं.

निघताना अभिप्रायाचा फॉर्म आला. गाइडला गुण किती? माझ्यासारख्या चिडलेल्या पाहुण्याच्या हाती त्याची कमाई असते, तरीही तो मला 'नाही' म्हणाला होता. मी पूर्ण गुण दिले आणि का दिले तेही लिहिलं.

तुमच्यापैकी कुणी अशा सहलीला गेलंत, तर आधी एवढं विचारा: प्राणी त्रासला तर गाइड मागे फिरतो का? रात्री फ्लॅश बंद असतो का? आणि तिकडे जाणार नसलात, तरी घरातल्या फरसाणाचं पाकीट उलटून बघा. जगात सर्वांत जास्त पाम तेल आयात करणारा देश आपलाच आहे. त्या रांगांशी आपलाही संबंध आहे.

बाई, गृहपाठ जवळजवळ तीस वर्षं उशिरा दाखवतेय. तपासून द्या.