संगणकाच्या आज्ञा आणि उत्तराचा ताळा
(केंद्राच्या शिक्षण परिषदेत दिलेले व्याख्यान)



आजच्या परिषदेत संगणकाविषयी चार शब्द बोलावेत, अशी सूचना मला झाली तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. आपल्यासारखाच दोन इयत्ता एका खोलीत सांभाळणारा प्राथमिक शिक्षक आहे. परंतु गेल्या काही वर्षांत यादी, तक्ते व गोषवारे करण्याचे काम संगणकावर आले, आणि त्या कामात माझ्या हातून एक चूक घडली. तिचे फळ मला भोगावे लागले नाही. ते सात मुलांना भोगावे लागले. ती चूक कशी झाली आणि ती कशी टाळता आली असती, एवढेच मी आपणांपुढे ठेवणार आहे.

शाळा सुरू झाल्यावर पाठ्यपुस्तकांच्या वाटपाच्या याद्या माझ्याकडे एकत्र करण्यासाठी आल्या. प्रत्येक ओळीत मुलाचे नाव, इयत्ता, शेरा आणि सर्वांत शेवटी ‘होय’ किंवा ‘नाही’ असा शब्द होता. ज्यांच्यापुढे ‘नाही’, त्यांना पुस्तके मिळावयाची होती. शेऱ्यातही कोठे कोठे ‘नाही’ हा शब्द आला होता. म्हणून ज्या ओळीचा शेवट ‘नाही’ ह्या शब्दाने होतो तेवढ्याच ओळी दाखव, अशी आज्ञा मी संगणकाला दिली. एकही ओळ आली नाही. मी समाधानाने गोषवाऱ्यात ‘निरंक’ असे लिहिले आणि कागद पुढे पाठविला. तीन आठवड्यांनी एका शाळेत गेलो असता तिसरीतील एक मुलगी शेजारणीच्या पुस्तकात मान वाकवून वाचताना दिसली. चौकशी केली. बाईंनी यादीत तिच्यापुढे ‘नाही’ असेच लिहिले होते. घरी येऊन यादी डोळ्यांनी वाचली. अशी सात नावे निघाली. पुस्तके पुढे मिळाली, पण गेलेले दिवस मिळाले नाहीत.

हे कसे घडले ते समजण्यासाठी थोडा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. आपल्या शाळांतील बहुतेक संगणकांवर विंडोज ही प्रणाली असते. मी वापरली ती आज्ञा मात्र युनिक्स नावाच्या निराळ्या प्रणालीच्या घराण्यातील आहे. युनिक्सचा जन्म 1969 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्पसन व डेनिस रिची हे तिचे प्रमुख जनक. त्या घराण्याची पद्धत अशी की, एका आज्ञेने एकच लहान काम नीट करावे. ‘ग्रेप’ ओळी शोधते, ‘सॉर्ट’ त्या क्रमाने लावते, ‘डब्ल्यूसी’ मोजते. 1973 पासून एका आज्ञेचे उत्तर नळीने सोडावे तसे दुसऱ्या आज्ञेत सोडण्याची सोय तीत आली. पाचशे नावांची यादी ह्या आज्ञा निमिषार्धात चाळतात, म्हणून त्या विंडोजवरही आणण्याचे प्रयत्न झाले. 1995 मध्ये सुरू झालेले सिगविन, गिट ह्या साधनाबरोबर येणारे बॅश, आणि 2016 पासून विंडोजमध्येच मिळू लागलेली लिनक्सची उपव्यवस्था हे त्याचे तीन परिचित प्रकार होत.

आता, एका घरच्या रीतिभाती दुसऱ्या घरात नेल्या म्हणजे जे होते तेच येथे होते. दोष कोणा एकाचा नसतो. पण दोन्ही घरांचे रिवाज ठाऊक नसले तर काम बिघडते. असे बिघाड पुष्कळ आहेत. त्यांतील चार नित्य आढळणारे मी सांगतो. आज्ञा कळफलकावर लहान रोमन अक्षरांत लिहावयाच्या असतात. येथे मी त्या उच्चाराप्रमाणे सांगत आहे.

पहिला बिघाड नामसादृश्याचा. एका वर्गात एकाच नावाची दोन मुले असली तर हाक मारताच भलताच उठून उभा राहतो. युनिक्सची ‘फाइंड’ ही आज्ञा फोल्डरांतून फायली शोधते. विंडोजचीही ‘फाइंड’ नावाची आज्ञा आहे. पण ती फायलीच्या आतील मजकूर शोधते. विंडोजच्या आज्ञा-खिडकीत हाक मारली की, संगणक ‘पाथ’ नावाच्या यादीतील फोल्डर क्रमाने पाहतो आणि ज्यात ते नाव प्रथम सापडेल तेथील आज्ञा चालवितो. बहुधा विंडोजचे फोल्डर आधी असते. मग युनिक्सच्या धर्तीची आज्ञा देऊनही पर्यायांची मांडणी चुकली असा इंग्रजी संदेश येतो. अशा वेळी आज्ञा पुनःपुन्हा टंकित करण्यात अर्थ नाही. विंडोजच्या खिडकीत ‘व्हेअर फाइंड’ आणि बॅशमध्ये ‘टाइप उणे ए फाइंड’ असे विचारावे. त्या नावाच्या सर्व आज्ञा कोठे कोठे आहेत, हे संगणक स्वतःच सांगतो.

दुसरा बिघाड पत्त्याचा. विंडोजमध्ये फोल्डरांची नावे उलट्या तिरक्या रेघेने जोडतात, युनिक्समध्ये सुलट्या. ह्याचे कारण ऐतिहासिक आहे. विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीत सुलटी रेघ आज्ञेचे पर्याय दाखविण्यात आधीच खर्ची पडली होती. 1983 मध्ये फोल्डर आले तेव्हा त्यांच्यासाठी उलटी रेघ घ्यावी लागली. बॅशमध्ये मात्र उलट्या रेघेचा अर्थ ‘पुढील अक्षराचा विशेष अर्थ काढून टाक’ असा आहे. त्यामुळे विंडोजचा पत्ता जसाच्या तसा लिहिला तर रेघा गिळल्या जातात आणि सर्व नावे एकमेकांस चिकटतात. चुकीचा संदेश लक्षपूर्वक वाचला तर त्यात हा चिकटलेला पत्ता दिसतो. शिवाय सी ह्या कप्प्याचे नावही बदलते: सिगविनमध्ये ते ‘सिगड्राइव्ह’च्या खाली, लिनक्स उपव्यवस्थेत ‘एमएनटी’च्या खाली, तर गिटच्या बॅशमध्ये मुळाशीच ‘सी’ म्हणून असते. पत्त्याचे रूपांतर करण्यासाठी सिगविन व गिटच्या बॅशमध्ये ‘सिगपाथ’ आणि लिनक्स उपव्यवस्थेत ‘डब्ल्यूएसएलपाथ’ अशा आज्ञाच दिलेल्या आहेत.

पत्त्याच्याच पोटात आणखी दोन गोष्टी येतात. आपण फायलीस ‘इयत्ता तिसरी यादी’ असे नाव देतो. युनिक्सची आज्ञा मोकळ्या जागेवर शब्द तोडते. तिला त्या तीन निरनिराळ्या फायली वाटतात आणि तिन्ही सापडत नाहीत. नाव अवतरणचिन्हांत घातले की प्रश्न मिटतो. दुसरे असे की, विंडोज फायलीच्या नावाचे शेपूट पुष्कळदा लपविते. आपण स्वतः ‘टीएक्सटी’ लिहिले आणि संगणकानेही ते जोडले, तर नावाला दोन शेपटे होतात व पडद्यावर एकच दिसते. ‘एलएस’ ही आज्ञा खरे, पूर्ण नाव दाखविते.

तिसरा बिघाड लिपीच्या साठवणुकीचा. आपल्याला पडद्यावर ‘श’ दिसतो. संगणकात आकडे असतात. युटीएफ-8 ह्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास 3 बाइट लागतात, युटीएफ-16 मध्ये 2. पडद्यावर दोन्ही फायली सारख्याच दिसतात. पण ‘ग्रेप’ युटीएफ-8 ची अपेक्षा धरून शोधते आणि युटीएफ-16 च्या फायलीत तिला काहीच सापडत नाही. विंडोज पॉवरशेलच्या 5.1 ह्या आवृत्तीत बाणाच्या चिन्हाने उत्तर फायलीत साठविले की ती फाइल युटीएफ-16 मध्ये तयार होते. पुष्कळांची फसगत येथेच होते. अशा वेळी ‘फाइल’ ही आज्ञा देऊन तिच्यापुढे यादीचे नाव लिहावे. साठवणूक कोणत्या पद्धतीची आहे हे ती सांगते. मग ‘आयकॉन्व्ह’ ह्या आज्ञेने रूपांतर करता येते.

ह्याच प्रकारातील एक गोष्ट मराठी शिक्षकांनी विशेष ध्यानी ठेवावी. केवळ आकड्यांच्या क्रमाने ‘सॉर्ट’ केले तर ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ ह्यांच्या मध्ये येतो, कारण युनिकोडच्या तक्त्यात त्याची जागा तेथे आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’ नंतर येतो. म्हणून ‘काळे’ हे आडनाव ‘कासार’च्या आधी आलेले दिसले तर यादी बिघडली असे समजू नये, क्रमाचा नियम निराळा लागला आहे, इतकेच.

चौथा बिघाड माझा. जुन्या टंकलेखन यंत्रावर ओळ संपली की दोन क्रिया घडत: गाडी सरकून कागदाच्या डाव्या कडेशी येई, आणि रूळ फिरून कागद एक ओळ वर जाई. दूरमुद्रकातही ह्या दोन क्रियांना दोन स्वतंत्र संकेत होते. संगणकाच्या संकेतावलीत गाडी परत आणण्याचा आकडा 13 आणि ओळ पुढे नेण्याचा 10 आहे. युनिक्सने ओळीच्या शेवटी केवळ 10 ठेवला. डॉसने आणि तिच्यामागून विंडोजने 13 व 10 असे दोन्ही ठेवले. माझी यादी विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहिलेली होती. मी आज्ञा दिली ती लिनक्स उपव्यवस्थेत. तिच्या दृष्टीने प्रत्येक ओळीचा शेवट ‘नाही’ ह्या शब्दाने होतच नव्हता. ‘नाही’नंतर 13 ह्या आकड्याचे एक अदृश्य चिन्ह उभे होते. मी ‘शेवटी नाही’ असे विचारले आणि तिने अगदी खरे उत्तर दिले की, अशी एकही ओळ नाही.

सर्व साधने ह्या बाबतीत सारखी वागत नाहीत. सिगविनमधील ‘ग्रेप’ पूर्वी हे चिन्ह आपण होऊन गाळीत असे. 2017 मध्ये ती पद्धत बंद झाली. म्हणून ‘मागे चालले होते’ ह्यावर विसंबू नये. वर सांगितलेली ‘फाइल’ ही आज्ञा ओळींचा शेवट ‘सीआरएलएफ’ असल्याचे स्पष्ट सांगते. उपाय दोन आहेत. ‘डॉस-टू-युनिक्स’ ही आज्ञा असेल तर ती द्यावी. मधला ‘टू’ येथे 2 ह्या आकड्याने लिहितात. नसेल तर ‘टीआर’ ह्या आज्ञेस ‘उणे डी’ हा पर्याय आणि अवतरणांत उलटी तिरकी रेघ व ‘आर’ असे देऊन ते चिन्ह गाळावे, व उत्तर नव्या नावाच्या फायलीत घ्यावे. ‘नव्या नावाच्या’ ह्यावर माझा भर आहे. वाचावयाची व लिहावयाची फाइल एकच ठेवली तर आज्ञा सुरू होण्यापूर्वीच ती रिकामी होते, आणि मूळ यादी हातची जाते.

बंधुभगिनींनो, ह्या चार गोष्टी विसरल्या तरी चालतील, पण त्यामागील शोधाची रीत विसरू नये. ती आपणांस नवी नाही. एखादा मुलगा वजाबाकी सतत चुकतो तेव्हा आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होत नाही. त्याला दोन अंकी लहान उदाहरण देतो, पायरी पायरीने सोडवावयास लावतो, आणि हातचा कोठे विसरला ते पाहतो. संगणकाशीही असेच वागावे. प्रथम संदेश अक्षरशः वाचावा, इंग्रजी असला तरी. मग पाचशे ओळींच्या यादीऐवजी तीन ओळींची अशी यादी घ्यावी, जिचे उत्तर आपणांस आधीच ठाऊक आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर कोणत्या उपायाने गुण आला हे कळत नाही. आणि मूळ फायलीची एक प्रत आरंभीच बाजूला ठेवावी.

शेवटची गोष्ट ताळ्याची. मी ‘नाही’ विचारले तसे ‘होय’ही विचारले असते, तर तेथेही शून्यच आले असते. होय शून्य, नाही शून्य, आणि यादीत तर नावे शेकड्यांनी! दोन्हींची बेरीज एकूण संख्येशी जुळली पाहिजे, हे मी चौथीच्या मुलांना शिकवितो. स्वतः मात्र केले नाही. ही एकूण संख्या ‘डब्ल्यूसी उणे एल’ ह्या आज्ञेने मिळते. तीही ओळी मोजते ती ओळ संपल्याच्या चिन्हावरून; अखेरच्या नावानंतर ते चिन्ह नसेल तर 41 मुलांची ओळसंख्या 40 येते. म्हणून हजेरीपटाशी मेळ घालावयासच हवा.

चुकीचा संदेश येतो तेव्हा आपण सावध होतो. भय असते ते बिनतक्रार आलेल्या शून्याचे. ‘निरंक’ हा शब्द कागदावर लिहावयास सोपा आहे. त्याच्यामागे एखादे मूल पुस्तकाची वाट पाहत बसलेले नाही ना, हे पाहण्याचे काम संगणक करीत नाही. ते आपले आहे. आता मी प्रत्येक यादीचा ताळा करतो, आणि ताळा जुळल्यावरही पहिली व शेवटची पाच नावे डोळ्यांनी वाचतो. आपणही तसे करावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.