फुकटची सेवा, पण चोख हिशेब

(नवी मुंबईंतील एका गांवठाणांत स्काऊट-गाइडचे शिक्षक, स्वयंसेवक आणि पालक यांच्या सभेंत एका शाळामास्तरानें केलेलें भाषण.)



आज या सभेला शेतकरी आहेत, कोळी आहेत, माथाडी आहेत, सुतार-गवंडी आहेत. आपल्यापैकीं कांहींजण स्काऊट-गाइडच्या पथकाचें काम एक पैसाहि न घेतां पाहतात, आणि बाकीच्यांचीं मुलें त्या पथकांत आहेत. दोघांशींहि मला थोडें स्पष्ट बोलावयाचें आहे. कोणाच्या सेवेला कमी लेखण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु ज्या कामांत दुसऱ्याचें लेंकरूं आपल्या हातीं येतें, तें काम नुसत्या चांगल्या मनावर सोडून भागत नाहीं. सेवा फुकटची असली तरी तिचा हिशेब चोख असला पाहिजे, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

ही चळवळ आहे तरी काय, हें पुष्कळ आईबापांना ठाऊक नसतें. शाळेनें गणवेशाचे कपडे आणि गळ्यांतला रुमाल आणावयास सांगितला म्हणजे आपण तो उसनवारी करून आणतों, पण कशासाठीं हें विचारीत नाहीं. बेडन-पॉवेल नांवाच्या इंग्रज सेनापतीनें १९०७ सालीं इंग्लंडांतल्या ब्राउनसी बेटावर सुमारें वीस मुलांची छावणी भरविली. बड्या शाळांतले मुलगे आणि कामकऱ्यांच्या घरचे मुलगे त्या छावणींत एका तंबूखालीं राहिले. आपल्या देशांत १९०९ सालीं पथकें निघालीं तीं मात्र गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतीं. आपल्या मुलांना दार बंद होतें. पुढें बेझंटबाईंनीं मद्रासेस आणि पंडित मालवीय, कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनीं अलाहाबादेस आपल्या मुलांचीं पथकें काढलीं. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजीं मुलग्यांच्या संस्था एक होऊन भारत स्काऊट आणि गाइड ही संस्था झाली, व १९५१ सालीं मुलींची गाइड संस्थाहि तींत आली. म्हणजे जें दार एका काळीं आपल्यासाठीं बंद होतें, तें आज गांवठाणांतल्या पोरापोरींना उघडें आहे. तें उघडें राहावें असें वाटत असेल, तर आंत गेलेलें मूल धड बाहेर येईल अशी खात्री आईबापांना दिली पाहिजे.

ती खात्री कोण देणार? पगारी नोकराला वरिष्ठ जाब विचारतो. पण जो फुकट राबतो त्याला कोणी विचारीत नाहीं. "अहो, बिचारा स्वतःचा रविवार घालवतो, त्याला काय विचारावयाचें?" असें आपण म्हणतों. भिडेपोटीं गप्प बसण्याची ही जी खोड आहे, तींतूनच सारें नुकसान होतें.

पहिलें नुकसान जिवाचें. ४ ऑगस्ट १९१२ रोजीं लंडनच्या वॉलवर्थ भागांतल्या गरीब वस्तीचे स्काऊट होडीनें छावणीला निघाले होते. लेझडाऊन गांवाजवळ एकाएकीं वारा फिरला, होडी उलटली, आणि आठ स्काऊट व दुसरा एक मुलगा असे नऊ जण बुडाले. होडींत मोठीं माणसें होतीं. त्यांच्या मनांत कांहीं वाईट नव्हतें. पण चांगलें मन वाऱ्याला अडवीत नाहीं. इतकें दूर जाण्याचीहि गरज नाहीं. आपल्या रायगड जिल्ह्यांत मुरूडच्या किनाऱ्यावर १ फेब्रुवारी २०१६ रोजीं सहलीला आलेले पुण्याचे चौदा विद्यार्थी समुद्रांत बुडाले. आणि हा आपल्या शेजारचा खारघरचा पांडवकडा! पावसाळा आला कीं तेथें जाण्यास बंदी होते, तरी माणसें जातात. २०१९ सालीं चार विद्यार्थिनी तेथून वाहून गेल्या.

आपल्या कोळी बांधवांना याचा अर्थ फोडून सांगावयास नको. होडी खाडींत घालण्यापूर्वीं तांडेल भरती-ओहोटी पाहतो, वारा पाहतो, खलाशी मोजतो. खलाशी त्याचा भाऊ असो कीं मजूर असो, होडी बंदराला लागेपर्यंत त्या जिवाची जोखीम तांडेलाची. स्काऊटच्या मास्तरानेंहि असेंच वागावें. जागा आधीं स्वतः जाऊन पाहावी. तेथल्या गांवकऱ्याला पाण्याबद्दल विचारावें, आणि तो नको म्हणाला तर तो अडाणी आहे असें समजूं नये. मुलें निघतांना, पोंचल्यावर, जेवतांना आणि परततांना मोजावीं. कोणाला दमा आहे, कोणाला फिट येते, कोणाला औषध चालत नाहीं, हें आईबापांकडून लिहून घ्यावें. सोबत औषधाची पेटी असावी, आणि ती उघडतां येणारा माणूसहि असावा. जवळचें इस्पितळ किती दूर आहे व रात्रीं गाडी कोणाची मिळेल, हें निघण्यापूर्वींच ठरलेलें असावें.

पाण्यासारखेंच ऊन. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघरच्या उघड्या मैदानावर मोठा समारंभ झाला. उन्हाचा तडाखा बसून चौदा माणसें दगावलीं. तीं थोरलीं माणसें होतीं. मग लहान मुलांना पाहुण्यांच्या स्वागताला तासन् तास उन्हांत उभें करतांना आपल्याला कांहींच कसें वाटत नाहीं? कोणाची मिरवणूक निघाली, कोणाचें उद्घाटन आलें, कीं स्काऊटांना बोलवा, पाणी वाटावयाला लावा, खुर्च्या उचलावयाला लावा! स्काऊटनें समाजाची सेवा करावी हें खरें. पण पुढाऱ्याची हुजरेगिरी म्हणजे समाजसेवा नव्हे. असें बोलावणें आलें तर हात जोडून नाहीं म्हणण्याचें धैर्य पथकाच्या मास्तरानें दाखवावें.

आतां दुसऱ्या नुकसानाबद्दल बोलतों. हें बोलावयास जड आहे, आणि माताभगिनी समोर आहेत, म्हणूनच तें मीं आडपडदा न ठेवतां बोलावें. वाघरूं डोंगरांतून येतें तेव्हां गांव जागा होतो. पण कुंपणच शेत खाऊं लागलें तर कोण जागा होणार? अमेरिकेंतल्या स्काऊट संस्थेचा दाखला घ्या. मुलांशीं वाईट वागलेल्या माणसांचीं नांवें ती संस्था १९२० च्या दशकापासून गुप्त फायलींत लिहून ठेवीत होती. त्या माणसांना पुन्हां पथकांत येऊं द्यावयाचें नाहीं असा हेतु होता. पण पुष्कळदां पोलिसांना कळविलें नाहीं, आईबापांना सांगितलें नाहीं. संस्थेचें नांव खराब होईल ही भीति! कोर्टाच्या हुकुमानें २०१२ सालीं हजारों पानें उघडीं झालीं. २०२० सालीं त्या संस्थेनें दिवाळें जाहीर केलें, आणि लहानपणीं आपल्यावर अत्याचार झाला असें सांगत ८२ हजारांवर माणसें पुढें आलीं. सुमारें अडीच अब्ज डॉलर भरपाई ठरली. ज्या नांवासाठीं मुलांचें रडणें दडपलें, तें नांवहि गेलें, पैसाहि गेला, आणि मुलांचें गेलेलें बालपण तर परत आलेंच नाहीं.

ही अमेरिकेची गोष्ट म्हणून सोडून देऊं नका. २०२४ च्या ऑगस्टांत आपल्याच ठाणें जिल्ह्यांत, बदलापूरच्या एका शाळेंत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचें उघडकीस आलें, आणि तक्रार घेण्यास विलंब झाला म्हणून लोक संतापून रेल्वेच्या रुळांवर उतरले. लोकांचा संताप खरा होता. पण संताप हा आग लागल्यावरचा हंडा आहे. आग लागूंच नये म्हणून नियम पाहिजेत.

ते नियम कठीण नाहींत. एकटा मोठा माणूस आणि एकटें मूल बंद दाराआड कधींहि नसावें; छावणींत, सहलींत, वर्गांत नेहमीं दोन तरी जबाबदार माणसें असावींत. मुली असतील तेथें बाई असलीच पाहिजे. मोठ्यांची निजण्याची जागा मुलांपासून वेगळी. आंघोळीची व कपडे बदलण्याची जागा आडोशाची, आणि तेथें मोबाईल बंद. मुलाला रात्रीं-अपरात्रीं खाजगी निरोप पाठवूं नये. जें कळवावयाचें तें पालकांना दिसेल असें कळवावें. नवा स्वयंसेवक आला तर तो पूर्वीं कोठें होता, तेथून कां निघाला, याची चौकशी करावी. आपण बैल घेतांना त्याचे दांत पाहतों, चालवून पाहतों. मग ज्याच्या हातीं पोर द्यावयाचें त्याची चौकशी केली तर त्यांत अपमान कसला?

कायदाहि आतां मुलांच्या बाजूचा आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणें अठरा वर्षांखालील मुलामुलीवर असा गुन्हा झाल्याचें ज्याला कळेल, त्यानें पोलिसांना कळविलेंच पाहिजे. न कळविणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखानें हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळविला नाहीं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊं शकते. प्रामाणिकपणें खबर देणाऱ्यावर मात्र त्याबद्दल खटला चालत नाहीं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर प्रत्येक मुलाला पाठ असावा. पंचांनीं बसून प्रकरण मिटवावें, मुलीची बदनामी होईल म्हणून गप्प राहावें, असें सांगणारा कोणी आला तर त्याला उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावा.

तिसरें नुकसान मानाचें. मारझोड आणि मुलाला चारचौघांत हिणवणें यांना २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंत बंदी आहे. पथकांतहि तोच नेम पाळावा. छावणींत चूल कोणीं पेटवावयाची, भांडीं कोणीं घासावयाचीं, संडास कोणीं धुवावयाचा, याची पाळी सर्वांना सारखी लावावी. आडनांव पाहून झाडू हातीं देणारा मास्तर मुलांना स्काऊटचा धडा देत नाहीं. तो जुन्या विषाचा नवा घोट पाजतो. आणि ज्याच्या बापाला बूट घेतां आले नाहींत त्याला रांगेंतून बाहेर काढूं नये. स्काऊट गणवेशानें होत नसतो.

इतकें ऐकून कोणी म्हणेल, "मास्तर, मग मुलांना घरींच कोंडून ठेवावें काय?" मुळींच नाहीं. पाण्यांत उतरल्यावांचून पोहतां येत नाहीं. या चळवळीची खरी खुबी अशी कीं, सहा-आठ मुलांचा एक संघ असतो आणि त्याचा नायक त्यांच्यांतलाच एक मुलगा असतो. स्वयंपाक काय करावयाचा, तंबू कोठें ठोकावयाचा, हें मुलांनींच ठरवावें, चुकावें, आणि शिकावें. भात करपला तर करपूं द्या. एक वेळ करपलेला भात खाल्ल्यानें कोणी मरत नाहीं. पण भरती केव्हां येणार हें मुलांवर सोडूं नका. काय मुलांवर सोडावें आणि काय स्वतःच्या हातीं ठेवावें, हें ज्याला कळलें तोच मास्तर. तें आपोआप कळत नाहीं, म्हणूनच १९१९ सालीं इंग्लंडांत गिलवेल येथें स्काऊटमास्तरांचे शिक्षणवर्ग सुरू झाले. आपल्याकडेहि स्काऊट-गाइडच्या शिक्षकांचे वर्ग होतात. ते केल्याशिवाय कोणीं मुलें घेऊन डोंगर चढूं नये.

दुसरा आक्षेप असा कीं, इतके प्रश्न विचारले तर फुकट काम करावयास कोणी पुढें येणार नाहीं. माझें म्हणणें उलट आहे. ज्याची वही नीट आहे तो हिशेब दाखवावयास भीत नाहीं. दोन माणसांचा नियम मुलाला जसा राखतो, तसा प्रामाणिक मास्तरालाहि खोट्या आळापासून राखतो. आणि ज्याला प्रश्नांचा राग येतो, त्याच्या हातीं आपलीं मुलें नसलेलींच बरीं.

शेवटीं आईबापांना चार शब्द. "मास्तर आहेत ना बरोबर!" एवढ्यावर मूल पाठवूं नका. कोठें जाणार, बरोबर किती मोठीं माणसें, बाई कोण, परत केव्हां, आणि कांहीं झालें तर कोणाला फोन करावयाचा, हे पांच प्रश्न विचारा. अक्षर येत नसेल तर तोंडीं विचारा. विचारण्याला शिक्षण लागत नाहीं. छावणीहून मूल परत आलें म्हणजे त्याच्या जवळ बसा. तें गप्प असेल, पुन्हां जावयास नको म्हणत असेल, तर आधीं मारूं नका, आधीं ऐका. मोठ्या माणसाविरुद्ध बोलावयाला मुलाला फार बळ लागतें. तें बळ त्याला घरांतूनच मिळतें.

म्हणून माझी सूचना अशी कीं, पुढची छावणी निघण्यापूर्वीं पथकाच्या मास्तरांनीं सर्व आईबापांना एका संध्याकाळीं बोलवावें, वर सांगितलेले नियम मोठ्यानें वाचून दाखवावे, आणि ते कागदावर उतरवून शाळेच्या भिंतीवर लावावे. त्या कागदाखालीं मास्तरांनींहि सही करावी आणि पालकांनींहि. ज्याला सही येत नाहीं त्यानें अंगठा उठवावा. त्यानंतर मुलें खुशाल डोंगर चढोत, तंबूंत निजोत, चांदण्या मोजोत.