वृक्षांचें अदृश्य दान

सोलापुराहून अक्कलकोटास जातांना वळसंग लागतें. भर उन्हांत वाटसरू तेथें कडुनिंबाची छाया शोधतो. परंतु छाया हें वृक्षाचें केवळ दृश्य दान होय. पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून तो हवेंतील कर्बाम्ल वायु आंत घेतो व सूर्यप्रकाशाच्या साह्यानें त्यांतील कर्ब काष्ठांत सांठवितो. वाळल्या लांकडाचें सुमारें अर्धें वजन कर्बाचेंच असतें. उडती धूळहि पानांवर बसते आणि पावसाबरोबर मातींत उतरते.

२०१९ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमांत सोलापूर शहराचें नांव आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यांत १३२० मेगावॅटचें कोळशाचें वीजकेंद्र आहे. एवढा धूर झाडें गिळतील, हा भ्रम होय. तो मुळाशींच रोखावा लागतो.

म्हणून उभा वृक्ष क्षुल्लक ठरत नाहीं. रस्तारुंदींत पडलेल्या वडाची भरपाई दहा रोपांनीं होत नाहीं. तेवढा पर्णसंभार यावयास पिढी लोटते, आणि तोडलेलें लांकूड जळलें कीं सांठलेला कर्ब पुन्हां हवेंत जातो. २०२१ सालीं राज्याच्या नागरी वृक्षकायद्यानें पन्नास वर्षांच्या वृक्षास ‘वारसा वृक्ष’ मानलें, तें उचितच झालें.

तुटपुंज्या पावसाच्या या मुलखांत रोप लावणें सोपें, जगविणें कठीण. श्रोत्यांपैकीं जें घर उन्हाळाभर एका रोपास रोज घागरभर पाणी घालील, तें नातवंडांच्या श्वासाची तरतूद करील.