ग्रंज म्हणजे नुसता राग नाही

इअरफोन लावलेत ना? चला, आज सिॲटलला जाऊया.

ग्रंज म्हटलं की निर्वाणा, फाटकी जीन्स आणि राग, एवढंच आठवतं. पण या संगीतातला एक अल्बम मित्र गेल्याच्या दुःखातून आलाय.

१९ मार्च १९९०. 'मदर लव्ह बोन'चा गायक अँड्र्यू वुड हेरॉइनच्या ओव्हरडोसमुळे गेला. वय फक्त २४. बँडचा पहिला अल्बम यायचा होता अजून! साउंडगार्डनचा ख्रिस कॉर्नेल त्याचा एकेकाळचा रूममेट. त्यानं मित्रासाठी दोन गाणी लिहिली आणि ती वाजवायला अँड्र्यूच्याच बँडमधल्या स्टोन गोसार्ड आणि जेफ अमेंटला हाक मारली. दुःख तिघांचंही होतं.

स्टोन आणि जेफ तेव्हा नवा बँड जमवत होते. त्यासाठी सॅन दिएगोहून एक नवखा गायक आलेला, एडी वेडर. 'हंगर स्ट्राइक'मध्ये वरचा आवाज ख्रिसचा, खालचा खर्जातला एडीचा.

एप्रिल १९९१ मध्ये 'टेंपल ऑफ द डॉग' नावानं अल्बम आला, तेव्हा फारसा कुणी ऐकला नाही. पुढे स्टोन, जेफ आणि एडीचा तोच नवा बँड, म्हणजे पर्ल जॅम, गाजला. मग लोक शोधत शोधत इथे पोचले.

२०१७ मध्ये ख्रिसही गेला. आता ही गाणी दोघांची आठवण आहेत. आज 'से हॅलो टू हेवन' ऐका, आणि बरेच दिवस न बोललेल्या एखाद्या मित्राला फोन लावा. भेटू पुढच्या भागात!